पुलीवरचं कुंकू

अल्बनी, ऑकलंड
२४ ऑगस्ट २०२५

चि. गंधार,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र मिळालं. बर्फाचं वर्णन दीड पान आणि मशीनबद्दल एक ओळ: "आत्या, स्नोमोबिलचा बेल्ट पुन्हा तुटला, नवा टाकला." पुन्हा म्हणजे काय रे? बेल्ट काय केळं आहे, सोललं आणि फेकलं?

शंतनु रोज म्हणतो, आई, पत्रं कसली लिहितेस, फोन कर. माझ्या कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की कुकरसारखी शिट्टी मारतं. समोरचा काय बोलला ते देव जाणे. त्यापेक्षा कागद बरा. नातीला पाकीट टपालपेटीत टाकायला पाठवलं की ती म्हणते, "आजी, धिस इज सो रेट्रो," आणि जाते बिचारी.

आता नीट ऐक. काशिनाथरावांच्या मागं कर्वेनगरचं गॅरेज मी एकटीनं चालवलं. तोंडाला ओढणी गुंडाळून हिंडणाऱ्या पुण्याच्या निम्म्या पोरींच्या बिनगिअरच्या स्कूटर माझ्या हाताखालून गेल्या. तुझ्या त्या बर्फावरच्या गाडीचं पोट आणि त्या स्कूटरचं पोट एकच. दोन पुल्या आणि मधे रबरी बेल्ट. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर उभे केलेले दोन तवे. इंजिन जोरात फिरलं की तवे जवळ येतात, बेल्टला चिमटीत धरतात आणि गाडी पळते. सगळा खेळ त्या चिमटीचा. चिमटी सुटली आणि बेल्ट घसरला, की इंजिन वरच्या पट्टीत ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. बेल्ट जळतो, इंजिन तापतं. इंजिन वयानं म्हातारं होत नाही, असल्या ओरडण्यानं होतं.

तुटलेल्या बेल्टच्या कडा कशा दिसतात ते लिही. शंतनुला पेनरोजच्या एका दुकानात पिटाळून नवा बेल्ट आणलाय, कुरिअरनं पाठवतेय. तो सुटा म्हणून सीटखाली ठेव. वर एकटा जातोस, हे लक्षात असू दे.

तुझा बाप नाही आता, तेव्हा ओरडायचं काम माझ्याकडे आलंय.

आत्या

—

क्लबचं लॉज, मेथव्हेनच्या वर, कँटरबरी
४ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार लिहायचा तर आधी गुडघे वाकायला हवेत, ते थंडीत आखडलेत. उभ्यानंच घे.

बेल्ट मिळाला. हेमीनं तो हातात घेऊन म्हटलं, "तुझ्या आंटीनं चॉकलेटऐवजी हे पाठवलं? स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास. हेमी इथला बचावपथकातला माणूस. पडलेल्यांना उचलून खाली आणणं हे त्याचं काम आणि यंत्रं चालू ठेवणं हे माझं. आमचं स्की-मैदान छोटं, क्लबचं. झुलत्या पाळण्याबिळण्याची लिफ्ट नाही. दोराला धरून लोक वर चढतात आणि तो दोर ओढणारं इंजिन डोंगराच्या माथ्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. रोज सकाळी मी स्नोमोबिलवरून तिथे जाऊन ते सुरू करतो. मशीन एकच. ते बंद पडलं तर वर जायला पाय, आणि हवा बिघडली असेल तर पायही नाहीत.

मधे एक उभा चढ आहे, त्याला इथले लोक शिडी म्हणतात. शिडीवर थांबायचं नसतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वादळ आलं तर तिथे स्वतःचा हात दिसत नाही. मागचा बेल्ट शिडीच्या पायथ्याशीच तुटला. चार हात वर तुटला असता तर, असा विचार मी करत नाही. म्हणजे करतो, पण आईसमोर नाही.

हो, आई पोचली. बाबांनंतर घर खायला उठतं म्हणाली, म्हणून सहा महिन्यांसाठी आणली. लॉजच्या स्वयंपाकघराचा तिनं ताबाच घेतलाय. बचावपथक सकाळी पोहे खाऊन निघतं. हेमी तिला माओरीत "किया ओरा, आई" असा नमस्कार करतो आणि ती त्याला "खा रे, वाळलायस" म्हणते. दोघांना एकमेकांचं सगळं समजतं.

बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या. झाकणाच्या आत काळी पूड. आणि तव्यांवर काहीतरी ओशट.

गंधार

—

अल्बनी
१४ सप्टेंबर २०२५

चि. गंधार,

ओशट! मग वेगळं काय शोधतोयस? तुझ्या आधीच्या माणसानं गंज लागू नये म्हणून तव्यांना तेल फासलं असणार. प्रेमानं केलं असेल, पण मशीनला असलं प्रेम मानवत नाही. साखळीला तेल, बिजागरीला तेल, म्हणून बेल्टच्या पुलीलाही तेल, असं सगळ्यांनाच वाटतं. तिथे तेलाचं बोट लागलं की चिमटी सुटलीच. आणि थंडीत आणखी फसगत. तेल गार असतं तोवर गुपचूप बसतं. मशीन तापलं की पातळ होऊन पसरतं, म्हणजे नेमकं चढावर.

ब्रेक साफ करायचा स्प्रे मार, तवे कोरड्या स्वच्छ फडक्यानं पूस. काळी पूड झटक. बेल्टला बोटं लावण्याआधी हात धू, शेंगदाण्याच्या चटणीचे नकोत. नवा बेल्ट पहिले काही दिवस दामटू नकोस, त्याला तव्यांशी ओळख करून घेऊ दे. सकाळी निघण्याआधी गाडीखालचा रुंद पट्टा बर्फातून सोडवून घे, गोठलेल्या गाडीला एकदम जोर देऊ नकोस. आणि रोज झाकण काढून बघायचं. रोज. जळका वास आला की थांबायचं, शिडी सोडून कुठेही.

खंडेनवमी जवळ आली. तुझ्या आईला, सुलभाला सांग, मशीनची पूजा करायची असेल तर वरच्या रंगीत पत्र्याची करू नका. आमच्या गॅरेजात त्या दिवशी प्रत्येक गाडीचं झाकण उघडून आतल्या पुलीला हळदकुंकू लावायचे. जो राबतो त्याला आधी कुंकू. पत्रा काय, मिरवायलाच असतो.

शिडीबद्दल वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. सून विचारते, भाजीत मीठ कमी आहे का. तिला काय सांगू?

आत्या

—

क्लबचं लॉज
१ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,

तुझा स्प्रे, तुझं फडकं, तुझं रोज झाकण काढणं, सगळं चालू आहे. मशीन आता मांजरासारखं गुरगुरतं. शिडी एका दमात चढतं.

आज खंडेनवमी झाली. झेंडू नाहीत म्हणून आईनं लॉजच्या दारातली पिवळी डॅफोडिल्स तोडली. कुणाला विचारलं नाही. मी मशीन लॉजमागच्या शेडमध्ये पुढे घेतलं, तिच्यासाठी झाकण उघडून दिलं, पुली दाखवली, तेवढ्यात लॉजचा पाण्याचा पाइप फुटला म्हणून मला हाक आली. परत आलो तर पूजा आटोपलेली. बाईसाहेबांनी झाकणसुद्धा स्वतः खटाखट लावलं होतं. बाहेर पत्र्यावर एक टिकली, सीटवर फूल, आणि शेडमध्ये उदबत्तीचा वास. हेमीनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि प्रसादाचे तीन पेढे खाल्ले.

दुपारपासून हवा बिघडली आहे. पाऊस आणि बर्फ एकत्र. दोन-तीन दिवस मैदान बंद राहील, मशीनलाही विश्रांती.

आईनं तुझ्यासाठी वेगळी चिठ्ठी दिलीय, चिकटवून. नणंद-भावजयीचं गुपित म्हणे. न वाचता सोबत घालतो.

गंधार

(सोबतची चिठ्ठी)

ती. वन्सं यांस,

सुलभाचा नमस्कार. तुमच्या सांगण्याप्रमाणे राबणाऱ्याची पूजा केली बरं का. मला ते उघडं पोट बघून भरूनच आलं. माझं लेकरू रोज याच्या जिवावर त्या डोंगरावर जातं.

इथल्या थंडीत कोरडं कुंकू कशाला धरेना. नुसतं उडत होतं. मग मी युक्ती केली. साजूक तूप आणलं होतं ना मी पुण्याहून, त्यात कुंकू कालवलं आणि चारही तव्यांना आतल्या बाजूनं, जिथे तो पट्टा टेकतो ना तिथे, सुंदर स्वस्तिकं काढली. पट्टा बिचारा अगदी कोरडा पडला होता, थंडीत आपले ओठ फुटतात तसा. उरलेलं तूप त्याला चोळलं. गंधारला सांगितलं नाही. तो लगेच पुसून काढेल, आजकालची मुलं!

आता माझा जीव निर्धास्त झाला.

सुलभा

—

अल्बनी
६ ऑक्टोबर २०२५

गंधार,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा ते वाचायची गरज उरलेली नसू दे, एवढंच मागणं आहे.

तुझं पाकीट आज सकाळी आलं. सुलभाची चिठ्ठी वाचली. तव्यांना तूप. बेल्टला तूप. शंतनु ऑफिसला निघाला होता, त्याला दारातून ओढून आणला. तुझा फोन लागत नाही. त्यानं सुलभाला लावला. ती म्हणाली, "तो आत्ताच वर गेला. पहाटे हेमीबरोबर पायी वर गेलेल्या कुणाचा तरी पाय मोडलाय माथ्यावर, हेमी तिथेच आहे, हा घसरगाडी घेऊन आणायला गेलाय. ढग फार उतरलेत." शंतनुनं तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होता? मग क्लबच्या ऑफिसला फोन केला. ते वायरलेसवर तुला बोलावतायत. तू उत्तर देत नाहीयेस.

मी "कुंकू लाव" लिहिलं आणि "कोरडं" लिहायचं राहिलं. माझ्या गॅरेजात हे कुणाला सांगावं लागत नसे. तुला तेलाबद्दल पानभर बजावलं आणि जिच्या हातात कुंकवाचा करंडा होता तिला एक शब्द नाही.

शंतनु फोनला चिकटून बसलाय. मला काही ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघतेय आणि लिहितेय. त्याचं तोंड अजून तसंच आहे.

गंधार, इंजिन ओरडायला लागलं तर शिडीवर जाऊ नकोस रे. माघारी फीर.

आत्या

—

क्राइस्टचर्च, हॉस्पिटल
१९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हातानं लिहितोय. शंतनुदादानं बरंचसं सांगितलं असेल, पण तुला नीट सांगायचं ते मीच सांगायला हवं.

वादळ लांबलं म्हणून पूजेपासून मशीन शेडमधून हललंच नव्हतं, मीही ते उघडलं नव्हतं. त्या दिवशी झाकण काढून बघायला वेळ नव्हता. एवढा एकच दिवस. मशीन सुरुवातीला छान चाललं. शिडीच्या मध्यावर इंजिनाचा आवाज एकदम चढला, तू म्हणालीस तसा, आणि गाडी थांबली. मग वास आला. आत्या, आधी रबराचा नाही आला. साजूक तुपाचा आला. चारी बाजूंना पांढरं वादळ, आणि कुणीतरी शेजारी पुरणपोळी तव्यावर टाकल्यासारखा वास.

बेल्टच्या चिंध्या झाल्या होत्या. हातमोजे काढले, तुझा सुटा बेल्ट घालण्याआधी तवे पुसायला घेतले. फडकं लाल. मला वाटलं हात कापला. किती वेळ मी जखम शोधत होतो कुणास ठाऊक. मग कळलं की कुंकू आहे. जमेल तेवढं पुसलं, नवा बेल्ट चढवला. थोडं वर गेलो आणि तोही गेला. वायरलेस मागच्या घसरगाडीत होता, ती वाऱ्यानं उलटून कधीच खाली गेली होती.

मशीनच्या आडोशाला बर्फ उकरून बसलो. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर हेमी वरून उतरला आणि त्यानं मला काढलं. पाय मोडलेला माणूस वरच्या शेडमध्ये इंजिनाच्या उबेला होता, तो बरा आहे. माझी उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टोकाशी काढावं लागलं. बाकीची बोटं आहेत, पण थंडीत ती माझी राहतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आई रोज उशाशी बसते आणि येईल त्या नर्सला सांगते, पूजा केली होती म्हणून वाचला. देव तारी त्याला कोण मारी. तिचा चेहरा बघून मला बोलवत नाही. बाबा गेले तेव्हापासून ती स्वतःलाच दोष देत होती, आता कुठे तिला वाटतंय की आपण कुणाला तरी वाचवलं. हे तिच्याकडून काढून घेऊ? तू तिला काही सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गंधार

—

अल्बनी
२६ ऑक्टोबर २०२५

चि. गंधार,

तू आहेस, एवढं मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगते. मग बोटं आठवतात. काशिनाथराव म्हणायचे, मेकॅनिकची बोटं म्हणजे त्याचे दुसरे डोळे. मी खूप रडले. शंतनुच्या गळ्यात पडून रडले, तो बिचारा घाबरला. त्यानं मला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

तुझं म्हणणं मला पटत नाही. मूठ झाकावी खरी, पण आत निखारा असेल तर? सुलभा काही कुकुलं बाळ नाही. तिला दुःख होईल, महिनाभर जेवणार नाही, मग जेवेल. माणूस दुःखानं एवढ्या लवकर मरत नाही. न कळल्यानं मात्र मरतं, स्वतः नाही तर दुसरं कुणीतरी. घरात विषाची बाटली कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असावं, नाहीतर कुणीतरी ती मधाची म्हणून पाहुण्याला देतं.

पण तू आजारी आहेस आणि ती तुझी आई आहे. तू म्हणतोस तर मी गप्प बसते. मला गप्प बसता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणजे किती जड जातंय ते समज. तिचे सहा महिने संपले की ती पुण्याला परत जाणार आहे ना? मग काही दिवस तरी मला झोप लागेल.

आत्या

—

क्लबचं लॉज
१८ जून २०२६

ती. आत्या,

उन्हाळाभर तू प्रत्येक पत्रात तेच विचारलंस आणि मी प्रत्येक पत्रात विषय बदलला. आज बदलत नाही.

क्लबनं नवी स्नोमोबिल घेतलीय. तीच दोन पुल्यांची, तुझ्या आवडीची. आणि आई गेल्या आठवड्यात परत आली. येऊ नको म्हणायला कारण काय देणार? तिनं आल्याआल्या विचारलं, नव्या गाडीची पूजा कधी करायची? मी म्हटलं, खंडेनवमीला बघू, तोवर थांब. ती बरं म्हणाली. लगेच बरं म्हणाली याचंच मला जरा नवल वाटलं.

काळजी करू नकोस. मी कधी नव्हतो इतका सावध आहे. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पितोय. फक्त एक बदल करावा लागला. पहाटेच्या गारठ्यात माझी ही बोटं झाकणाच्या खटक्यांवर चालत नाहीत. म्हणून सगळी तपासणी संध्याकाळी करतो, शेडमध्ये हीटर लावून. तवे पुसतो, बेल्ट बघतो, झाकण लावतो, मग आंघोळ आणि जेवण. सकाळी नुसतं बसायचं आणि निघायचं. हेमी म्हणतो, "ऑल गुड, ब्रो." तो या मोसमात जरा जास्तच वेळा माझ्यासोबत वर येतो. काम नसलं तरी येतो.

तीन तारखेपासून मैदान सुरू.

गंधार

—

अल्बनी
२८ जून २०२६

चि. गंधार,

संध्याकाळी तपासलेलं सकाळी तसंच असतं, हे तुला कुणी सांगितलं? रात्रभर ती गाडी आणि तुझी आई एकाच छपराखाली असतात.

मला तिचं ते "बरं" आवडलं नाही. मी तिला ओळखते. तिच्या लग्नात माझ्या आईनं तिला सांगितलं होतं, मोत्याची नथ जड होत असेल तर काढून ठेव. ती बरं म्हणाली आणि नाक सुजेपर्यंत नथ घालून बसली. सुलभाचं बरं म्हणजे तुमचं ऐकलं, आता मी माझं करते.

दसऱ्याला वेळ आहे असं म्हणू नकोस. तुझी परवानगीही मागत नाही, ती मागून मी एकदा चुकले. मी आज तिला वेगळं पत्र लिहिलंय, याच टपालात टाकतेय. सगळं लिहिलंय. तूप, शिडी, लाल फडकं, बोटं. आणि हेही लिहिलंय की "कोरडं" हा शब्द माझ्याकडून राहिला, तेव्हा रागवायचं तर आधी माझ्यावर. फोनवर सांगायचं मनात आलं होतं, पण असलं ऐकून ती हातातला फोन टाकून कुठे जाऊन बसेल, आणि शंतनुला इकडे काहीच कळणार नाही. कागद कसा, पुन्हा पुन्हा वाचता येतो, त्यावर रडता येतं.

ती वाचेल तेव्हा तू जवळ राहा. आणि तोपर्यंत सकाळी झाकण काढ. बोटं चालत नसतील तर हेमीची घे.

आत्या

—

क्लबचं लॉज
४ जुलै २०२६

ती. वन्सं यांस,

सुलभाचा सकाळच्या प्रहरी नमस्कार. आज मी इतकी आनंदात आहे की पोहे हेमीसाठी बाजूला काढून ठेवले आणि मग आठवलं, तो कालच गावात गेलाय, त्याच्या बहिणीकडे काही कार्य आहे. तेव्हा आज गंधार एकटाच वर गेला. आभाळ काळवंडलंय, पण आता मला भीती वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच तुम्हाला सांगायला बसलेय.

तुमची दोन पाकिटं कालच्या टपालात आली, एक त्याचं आणि एक माझं. गंधार दिवसभर मैदानाच्या सुरुवातीच्या गडबडीत, त्याला जेवायलाही फुरसत नव्हती. दोन्ही फडताळात जपून ठेवलीत, फोडलेली नाहीत. तो परत आला की चहाबरोबर दोघं मिळून वाचू. गोड गोष्ट एकटीनं खाऊ नये.

वन्सं, त्यानं मला खंडेनवमीपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मी बरं म्हटलं. पण तुम्हीच सांगा, आईनं थांबावं का? गेल्या वर्षी तो त्या वादळात रात्र काढून जिवंत आला तो कशामुळे? तो बोलत नाही, पण मी बघते ना, त्याला सगळं ठाऊक आहे. हल्ली रोज संध्याकाळी तेच तवे निरखत बसतो, पुसतो, जपतो. देवाची मूर्ती पुसावी तसा. माझी पूजा त्याच्या मनात बसलीय, फक्त तोंडानं कबूल करत नाही. बापावर गेलाय.

काल शुक्रवार, देवीचा वार. तो सगळं आटोपून आंघोळीला गेला तशी मी शेडमध्ये गेले. झाकणाचे खटके आता माझ्या हातात बसलेत. या वेळी हात आखडला नाही. मागच्या खेपेला थोडं कमी पडलं असावं, म्हणून त्याची बोटं गेली, असं मला सारखं वाटायचं. म्हणून पुण्याहून येतानाच मोठी बरणी आणली होती. चारही तव्यांना तूप-कुंकवाचा लेप दिला, पट्ट्यालाही दोन्ही अंगांनी. त्याला दिसू नये म्हणून बाहेर टिकलीसुद्धा लावली नाही. देवाला दिसलं की झालं.

सकाळी निघताना मला म्हणाला, आई, आज खाली उतरलो की तुझ्याशी जरा बोलायचंय. लग्नाचंच असणार. तुमच्या कानावर काही आहे का? असेल तर आधी मला कळवा.

इथे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून लिहितेय. इथून तो चढ दिसतो, ढग नसले तर. आज नुसता आवाज येतोय. आधी जाडसर होता, गुरगुरल्यासारखा. आता एकदम उंच सूर लागलाय बघा, गायकानं तान घ्यावी तसा! नव्या गाडीची ताकदच वेगळी. किती वेळ तान धरून ठेवलीय.

थांबला आवाज. पोचला वाटतं माथ्यावर.

भाजीची गाडी येईल तिच्याबरोबर हे पाकीट देते. तोवर चहाचं आधण ठेवते, त्याला आल्याआल्या गरम लागतो.

तुमची
सुलभा